पुळणीवरचं शंभर मीटर आणि दुसऱ्या दिवशीचे पाय

पोलीस भरती जवळ आली की गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पुळणींवर पहाटे पोरांची गर्दी होते. ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू हीच त्यांची धावपट्टी. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, आणि 100 मीटर दोघांनाही. शंभरच्या जोरदार फेऱ्या मारल्या की दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मग कुणीतरी जाणता सांगतो, "ॲसिड साठलंय रे, आज अजून पळ, निघून जाईल."

ॲसिडवर हा आळ उगाच. जोरात धावताना लॅक्टेट, म्हणजे लोक ज्याला ॲसिड म्हणतात ते, वाढतं, पण थांबल्यावर तास-दीड तासात ते जवळपास पूर्वपदावर येतं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरूनही टाकतात. दुखणं मात्र 24 ते 72 तासांत सर्वाधिक असतं.

खरं कारण मांडीच्या मागच्या स्नायूंत पाहावं. वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याआधी त्याला आवर घालावा लागतो. हे काम करताना तो स्नायू ताणलाही जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. या ओढाताणीत तंतूंमधली सूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते. संशोधक थिओडोर हाऊ यांनी 1902 मध्येच अशा बारीक इजांचा अंदाज बांधला होता. इजा झाली की रोगप्रतिकारक पेशी राडारोडा उचलतात. सूज आणि ठणका त्यातलाच. त्यानंतर तंतूंच्या कडेला निपचित पडलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात, वाढतात आणि तंतूंत मिसळून डागडुजी करतात. या पेशी अलेक्झांडर माउरो यांनी 1961 मध्ये दाखवून दिल्या.

भरपाईचा वेग सगळीकडे सारखा नसतो. झटक्याच्या धावेला लागणारं फॉस्फोक्रिएटिन तीन ते पाच मिनिटांत बरंचसं भरून येतं, म्हणून दोन फेऱ्यांमध्ये तेवढं थांबायचं. ग्लायकोजेनला, म्हणजे स्नायूंतल्या साखरेच्या साठ्याला, साधारण दिवस लागतो, डागडुजीला अनेक दिवस. ठणका गेला तरी ताकद परतलेली असेलच असं नाही. म्हणून लागोपाठच्या दिवशी पुन्हा जीव तोडून शंभर मीटर मारणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. मध्ये दोन दिवस चालणं, हलकं पळणं बरं.

भुसभुशीत वाळूत आदळआपट कमी, पण धावायला कठीण जमिनीच्या सुमारे दीडपट ऊर्जा जाते आणि पोटऱ्यांवर ताण येतो.

धावून झालं की समुद्रात डुबकी ठरलेली. खुशाल मारा, पण तिला खेळाडूंचं बर्फस्नान समजू नका. त्यासाठी पाणी 10 ते 15 अंश लागतं. आपला समुद्र 25 च्या खाली क्वचितच जातो. त्यात फारसं बिघडत नाही, कारण थंड पाण्याने ठणका कमी होतो खरा, पण ताकदीच्या व्यायामानंतर रोज तसं बसलं तर स्नायूंची वाढ मंदावते असं दिसलं आहे.

त्यापेक्षा घरचं ताट कामाचं. उकड्या तांदळाची पेज ग्लायकोजेन भरते. बांगड्यात शंभर ग्रॅममागे 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मासे न खाणाऱ्यांना कुळथाची पिठी आहेच. शिवाय किनाऱ्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळत राहतो, म्हणून पेजेत मीठ हवंच.

तीच कसरत आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा केली की पाय निम्मेही दुखत नाहीत. स्नायू तेवढ्यात सावध झालेले असतात. मात्र पाय सुजून कडक झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडावर भार आल्याची ती खूण असते.