समुद्रतळावरचा गाळ कसा हलतो : तुटलेल्या केबलांमागची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातल्या दोन नद्यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. कणकुंबीची मलप्रभा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते; म्हादई घाट उतरून मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्र गाठते. त्यांच्या पाण्याचा हिशेब बेळगावकरांना तोंडपाठ आहे, गाळाची चौकशी मात्र कुणी करत नाही. मलप्रभेचा गाळ वाटेत नविलुतीर्थच्या धरणात अडतो. म्हादईचा किनाऱ्यापर्यंत पोचतो, पण समुद्रात पोचलेला गाळ कायमचा स्थिरावला असं समजू नये.

खोल समुद्राचा तळ निवांत असतो, असा समज विसाव्या शतकातही बराच काळ होता. त्याला धक्का बसला १८ नोव्हेंबर १९२९ रोजी. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि अटलांटिकच्या तळावरच्या १२ तारायंत्र केबल तुटल्या. भूकंपाच्या केंद्राजवळच्या लगेच गेल्या. उताराच्या खालच्या अंगाच्या मात्र एकामागून एक तुटत गेल्या, शेवटची १३ तास १७ मिनिटांनी. संदेश थांबल्याची वेळ कार्यालयांत मिनिटासकट नोंदलेली होती. हीझेन आणि युइंग या अमेरिकी समुद्रवैज्ञानिकांनी १९५२ मध्ये त्या वेळा आणि केबलांमधली अंतरं ताडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला : तळालगत गढूळ पाण्याचा लोंढा धावत गेला होता. डच भूवैज्ञानिक क्यूनेन यांनी असे लोंढे त्याआधीच प्रयोगशाळेतल्या टाकीत करून दाखवले होते.

भूकंप गाळ वाहून नेत नाही, सुटा करतो. हादऱ्यांनी कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड जाते आणि उतार घसरतो. घसरताना त्यात पाणी मिसळतं. हे मिश्रण भोवतालच्या पाण्यापेक्षा जड, म्हणून उतारानं पळतं आणि तळ खरवडत आणखी जड होतं. उतार संपला की आधी जाड रेती बसते, मग बारीक, शेवटी चिखल. अशा थराला टर्बिडाइट म्हणतात. त्याची नमुनेदार पाच भागांची रचना भूवैज्ञानिक बाऊमा यांनी १९६२ मध्ये मांडली. (गोकाक परिसरातल्या कलादगी खडकांवर लाटांच्या वळ्या उमटलेल्या दिसतात. त्या उथळ पाण्यातल्या. टर्बिडाइट पाहायला तिथं जाऊ नये.)

वादळाचं काम जरा आडवळणाचं. लाटेचा जोर तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतो. १२ सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात सुमारे २२५ मीटर लांब असते, म्हणजे ११० मीटरवरचा तळही ढवळतो. हा गाळ समुद्री घळईच्या, म्हणजे तळावरच्या खोल दरीच्या, तोंडाशी साचतो आणि पुढे तिथून लोंढा होऊन सुटू शकतो. पुराचं गढूळ पाणी मात्र सहसा बुडत नाही : घनमीटरला साधारण ४० किलो गाळ असेल, तरच ते खाऱ्या पाण्याखाली जातं. तैवानमध्ये २००९ च्या मोराकोट वादळानंतर केबल तुटल्या, पण लोंढा एकच नव्हता. दुसरा लोंढा, पूर ओसरू लागल्यावर, काही दिवसांनी आला. काँगो नदीच्या घळईत तर डिसेंबर २०१९ चा पूर येऊन गेल्यावर, जानेवारी २०२० मध्ये लोंढा सुटला आणि ११०० किलोमीटरहून अधिक धावला. खोल पाण्यातली केबल जेमतेम दोन सेंटिमीटर जाड असते. ती काय टिकणार!

मग जुना थर भूकंपाचा की वादळाचा, हे ठरवायचं कसं? नुसत्या थराकडे पाहून सांगणारा घाई करतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या घळईंचं उदाहरण बोलकं आहे. माझामा ज्वालामुखीची सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीची राख ही तिथली काळ मोजायची खूण. राखेनंतरचे १३ थर एका फाट्यात, १३ दुसऱ्यात. लोंढे वेगवेगळ्या वेळी आले असते, तर संगमाखाली २६ थर मिळायला हवे होते. मिळाले १३ च. दोन्ही फाटे दर वेळी एकदमच सुटले होते, आणि इतक्या पल्ल्यावर ते घडवणारं कारण म्हणजे मोठा भूकंप, असा निष्कर्ष १९९० मध्ये निघाला.

आपल्या अरबी समुद्रातही २०१५ च्या वेधनमोहिमेत (तळाला भोकं पाडून नमुने काढण्याच्या मोहिमेत) समुद्रतळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वीच्या महाकाय घसरणीचा थर लागला. तिला 'नटराज' नाव मिळालं. एका वेधविवरात त्याची जाडी ३०० मीटरच्या वर भरली. गाळ भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या समुद्री उतारावरून आलेला. तो उतार कशानं सुटला, हे अशा एखाद्या विवरातल्या नमुन्यावरून ठरत नाही. तिथं संगमाखालच्या थरांसारखा ताळा लागतो.