क्रॉपिंग (समाजमाध्यमांवरील छायाचित्रांचे)

समाजमाध्यमावर टाकण्यापूर्वी छायाचित्राच्या कडा कापून त्याची चौकट ठरवणे म्हणजे क्रॉपिंग, तर त्या चौकटीत किती पिक्सेल (चित्र ज्यांचे बनते ते बारीक ठिपके) ठेवायचे हे ठरवणे म्हणजे रिसायझिंग. बोलताना दोन्हींना ‘साइझ करणे’ म्हणतात, पण कामे वेगळी आहेत. क्रॉप केले की चित्राचा भाग जातो. रिसाइझ करून लहान केले की चित्र पूर्ण राहते, बारकावे जातात. लहान चित्र मोठे करायला गेले तर ते ‘फुटते’. आणि लांबी-रुंदीचे प्रमाण न सांभाळता कडा ओढली तर ते ताणले जाते. वाढदिवसाच्या पोस्टवर असे फुगलेले, चपटे चेहरे नेहमी दिसतात. माणसाचा चेहरा ताणण्यापेक्षा बाजूला रिकामी पट्टी ठेवलेली केव्हाही बरी.

क्रॉपिंगची गरज पडते ती कॅमेऱ्याची चौकट आणि पडद्याची चौकट जुळत नाही म्हणून. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी, म्हणजे ३:२; बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांनी तीच पुढे चालवली. मोबाइलचा कॅमेरा साधारणपणे ४:३ मध्ये फोटो काढतो. यूट्यूबचा थंबनेल, म्हणजे व्हिडिओची छोटी झलक, १६:९, म्हणजे १२८० × ७२० पिक्सेलचा. स्टोरी आणि रील त्याच प्रमाणात, पण उभी, १०८० × १९२०. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा तिथे फक्त चौरस फोटो चालत. ऑगस्ट २०१५ मध्ये उभ्या-आडव्या फोटोंना मुभा मिळाली आणि ४:५ हे उभे माप, १०८० × १३५० पिक्सेल, रुळले. हातातल्या उभ्या मोबाइलवर ते चौरसापेक्षा जास्त जागा व्यापते. जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरची ग्रिडही, म्हणजे पोस्टच्या छोट्या चौकटींची मांडणी, चौरसाची उभी झाली. चौरस धरून वर्षानुवर्षे मांडणी करणाऱ्यांच्या जुन्या पोस्टची शीर्षके त्या दिवसापासून ग्रिडमध्ये दोन्ही बाजूंनी कापलेली दिसू लागली.

या आकड्यांचा खरा अर्थ समूहछायाचित्रात कळतो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे स्नेहसंमेलन, एका रांगेत बारा जण, आणि फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा. पूर्ण उंची राखून तो चौरस केला तर एक तृतीयांश भाग जातो. ४:५ केला तर रुंदी ३२०० उरते, म्हणजे जवळजवळ निम्मा फोटो गेला. स्टोरीसाठी ९:१६ केला तर रुंदी उरते २२५०. बारांपैकी चार-पाच जण दिसतात. कडेला उभे राहणारे बहुधा उंच, लाजरे किंवा उशिरा आलेले असतात. त्यांनाच कापून टाकणे वाईट. असा फोटो आडवाच टाकावा. नाहीतर त्याची उंची ३७५० करून ३००० × ३७५० चे दोन उभे तुकडे करावेत आणि कॅरोसेलमध्ये, म्हणजे बोटाने सरकवत पाहायच्या अनेक चित्रांच्या पोस्टमध्ये, शेजारी-शेजारी लावावेत: दोन्ही तुकडे नेमके ४:५ होतात आणि वर-खाली मिळून फक्त २५० पिक्सेल गमवावे लागतात. मधली रेघ कुणाच्या चेहऱ्यावरून जाणार नाही एवढे पाहावे.

हा निर्णय यंत्रावर सोपवण्याचा मोठा प्रयोग ट्विटरने केला. माणसाची नजर चित्रात आधी कुठे जाईल याचा अंदाज बांधून झलक आपोआप कापणारी प्रणाली त्यांनी २०१८ मध्ये आणली. एकाच लांब चित्रात गोरा आणि कृष्णवर्णीय असे दोन चेहरे असले की झलकीत गोरा चेहरा जास्त वेळा उरतो, असे सप्टेंबर २०२० मध्ये वापरकर्त्यांनी दाखवून दिले. मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंपनीच्याच विश्लेषणात समान प्रमाणापासून गोऱ्यांच्या बाजूने ४ टक्के आणि स्त्रियांच्या बाजूने ८ टक्के झुकाव आढळला. फोटो कसा कापायचा हे माणसानेच ठरवलेले बरे, असा निष्कर्ष काढून कंपनीने मोबाइलवर पूर्ण चित्र दाखवायला सुरुवात केली.

मराठी मजकुराच्या पोस्टला एक जास्तीची काळजी लागते. देवनागरी अक्षर वर आणि खाली दोन्हीकडे जागा मागते: शिरोरेखेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. शीर्षक वरच्या कडेला चिकटवले आणि झलकीत कड थोडी कापली गेली, तर आधी जाते ते अनुस्वाराचे टिंब. ‘शिंदे’चे ‘शिदे’ होते, ‘चिंचवड’चे ‘चिचवड’. कापणी नीट झाली तरी जेपीईजीचा दाब उरतोच. फाइल लहान ठेवणारा हा फोटोच्या फाइलचा प्रकार चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पाडून माहिती कमी करतो, आणि रंगाची माहिती सहसा उजेडाच्या माहितीपेक्षा जास्त छाटतो. त्यामुळे भगव्यावर लाल अक्षरे, ही पत्रिकेची आवडती रंगसंगती, मोबाइलवर सर्वांत आधी विरघळते. बारीक टायपातला ‘१’ तिथे सहज ‘९’ वाचला जातो. मुहूर्ताच्या वेळेत असे झाले तर पाहुणे चुकतात. पार्श्वभूमी फिकट, अक्षर गडद, आणि महत्त्वाची ओळ चित्राच्या मधोमध: एवढ्याने बरेच काम होते. स्टोरीत वरच्या कडेला खात्याचे नाव आणि तळाशी उत्तराची चौकट येते, म्हणून तिथे वर-खाली सुमारे अडीचशे पिक्सेल मजकुराविना ठेवावेत. खालच्या भागात थोडे जास्त सोडले तरी चालेल.

छापखान्यातून आलेल्या सवयी इथे अडचण करतात. ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) हा आकडा कागदासाठी आहे. पडद्याला फक्त पिक्सेल मोजता येतात. कागदासाठी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, केलेली पत्रिका तशीच अपलोड केली तर रंग बदललेले दिसू शकतात, म्हणून ती आधी एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीत बदलून घ्यावी.

डीपीचा हिशेब वेगळा. फोटो चौरस मागतात आणि गोल दाखवतात, त्यामुळे चौरसाचा सुमारे २१ टक्के भाग कोपऱ्यांत झाकला जातो. मंडळाच्या बोधचिन्हातली कोपऱ्यातली स्थापना-वर्षे हमखास तिथेच जातात.

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो लहान करते. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी लागते. फोटोग्राफरकडून लग्नाचे फोटो मागवताना हे आधीच सांगावे. एकदा छोट्या झालेल्या प्रतीतून कापायला घेतले की हाती उरतात मोजके पिक्सेल, आणि आजीचा चेहरा जवळून पाहायचा म्हटला तर ठोकळेच दिसतात.