अमेरिकन वसाहतींतील करविरोध (१७६४–१७७६)

ब्रिटनच्या उत्तर अमेरिकेतील तेरा वसाहतींनी ब्रिटिश संसदेच्या करांना केलेला विरोध. त्यातूनच पुढे स्वातंत्र्ययुद्ध उभे राहिले. जबर करांमुळे लोक पेटले ही समजूत फारशी टिकत नाही. दर बहुतेक हलके होते, काही तर आधीपेक्षा उतरवलेले. भांडण होते ते कर कोणी बसवायचा, कोणी वसूल करायचा आणि त्यातून कोणाचे पगार भागवायचे यावरून.

फ्रान्सशी चाललेले सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनवर सुमारे १३ कोटी पौंडांचे कर्ज होते, शिवाय अमेरिकेत सैन्य पोसायचे होते. १७६४ च्या साखर कायद्याने परदेशी मळीवरची जकात गॅलनमागे ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणली. तरी व्यापारी चिडले. कारण जुनी जकात कोणी धड भरतच नसे, अधिकाऱ्याचे हात ओले केले की माल सुटे. आता वसुली कडक झाली आणि चोरट्या मालाचे खटले ज्युरी नसलेल्या नाविक न्यायालयांत नेता येऊ लागले.

मुद्रांक कायदा १ नोव्हेंबर १७६५ पासून लागू व्हायचा होता. दस्तऐवज, परवाने, वर्तमानपत्रे, खेळायचे पत्ते, सगळ्यांवर मुद्रांक. पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग. बोजा पडला वकील, छापखानेवाले आणि दारूच्या गुत्तेवाल्यांवर, म्हणजे नेमका बोलक्या वर्गावर. मुद्रांक विकायला प्रत्येक वसाहतीत वितरक नेमलेले होते; तो हटला की कागदच मिळेना. बॉस्टनमध्ये १४ ऑगस्टला वितरक अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगून जमावाने त्याच्या घरावर हल्ला केला. त्याने पद सोडायचे कबूल केले आणि इतर वसाहतींतही तेच घडले. मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला, पण वसाहतींसाठी हवा तो कायदा करण्याचा आपला हक्क संसदेने त्याच दिवशी वेगळ्या कायद्याने नोंदवून ठेवला.

१७६७ मध्ये ब्रिटनचा अर्थमंत्री टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहावर जकात बसवली. यातली खरी मेख रकमेत नव्हती. गव्हर्नर व न्यायाधीशांचे पगार या पैशातून देण्याची तरतूद होती. पगार रोखून त्यांना वठणीवर आणण्याचे स्थानिक विधिमंडळांचे हत्यारच त्यामुळे गेले असते. व्यापाऱ्यांनी आयात न करण्याचे करार केले. एका बंदराने माल उतरवला की शेजारच्याचे गिऱ्हाईक जाई, म्हणून हे करार फार टिकत नसत. १७७० मध्ये चहा सोडून बाकी जकाती उठल्या आणि बहिष्कार मोडला.

१७७३ चा चहा कायदा हा बुडत्या ईस्ट इंडिया कंपनीला हात देण्यासाठी होता. त्याच वर्षीच्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबईचा कारभार कलकत्त्याच्या देखरेखीखाली आला. राघोबादादांशी झालेला सुरतेचा तह कलकत्त्याने पुढे फेटाळला तो याच अधिकाराने. कंपनीचा चहा आता चोरट्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता, मात्र पौंडामागे ३ पेन्स जकात कायम होती. जहाज आल्यापासून २० दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होई आणि पुढे विक्रीला निघाला असता. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून जहाजे परत गेली. बॉस्टनला गव्हर्नर हचिन्सनने परतीचा परवाना नाकारला. त्याचे दोन मुलगेच चहाचे आडते होते. ‘डार्टमथ’ जहाजाची मुदत भरत आली तेव्हा १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा पाण्यात ओतला गेला. किंमत ९,६५९ पौंड.

भरपाई मिळेपर्यंत संसदेने बॉस्टन बंदर बंद केले आणि बॉस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सची स्वशासनाची सनद कापली. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने (काँग्रेसने) बहिष्काराची जुनी फट बुजवली: पाळत व्यापाऱ्यांकडे न ठेवता गावोगाव निवडलेल्या समित्यांकडे दिली. समित्या दुकानदारांवर नजर ठेवत, करार मोडणाऱ्यांची नावे छापत. कित्येक ठिकाणी गव्हर्नरचा हुकूम चालेना, समितीचा चाले. १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टनला ब्रिटिश सैन्य आणि वसाहतवाले यांच्यात गोळीबार झाला तेव्हा पर्यायी सरकार असे बरेचसे उभे राहिलेले होते.

वसाहतींवर महसुलासाठी कर न बसवण्याचा कायदा संसदेने १७७८ मध्ये केला. तोवर अमेरिकनांचा फ्रान्सशी तह होऊन गेला होता.