एकाच आलेखावर दोन डेन्सिटी कर्व्ह: क्षेत्रफळ प्रत्येकाचं एक, की सगळ्यांचं मिळून एक?

हिस्टोग्राम तुम्हाला येतो असं धरून चालतो. डेन्सिटी कर्व्हमध्ये रकाने नसतात. प्रत्येक नोंदीवर एक छोटी टेकडी ठेवायची आणि सगळ्या टेकड्यांची बेरीज करायची, एवढंच. वाय-अक्षावर १ पेक्षा मोठा आकडा दिसला तर कोड चुकलेला नाही, कारण संभाव्यता उंचीत नसते, क्षेत्रफळात असते.

खरा घोळ पुढे आहे. तोच डेटा, तेच दोन गट. एकाने पायथॉनच्या सीबॉर्न या आलेख-लायब्ररीत केडीईप्लॉट या डेन्सिटी कर्व्ह काढणाऱ्या फंक्शनला 'ह्यू' (म्हणजे गटानुसार रंग) देऊन आलेख काढला, दुसऱ्याने आर या भाषेत जीजीप्लॉट लायब्ररीच्या जिऑम-डेन्सिटी या फंक्शनने. दोन्ही आलेख वेगळे दिसतात आणि मग 'कुठल्या लायब्ररीत बग आहे' यावर वाद सुरू होतो. बग कुठेच नाही. जीजीप्लॉट काही न सांगता प्रत्येक गटाच्या कर्व्हखालचं क्षेत्रफळ १ ठेवतं. सीबॉर्नमध्ये 'कॉमन नॉर्म' हे सेटिंग मुळातच 'ट्रू' असतं, म्हणजे सगळ्या गटांचं मिळून क्षेत्रफळ १ आणि त्यात प्रत्येकाचा वाटा त्याच्या नोंदींइतका.

समजा अ गटात ९०० नोंदी आहेत, ब गटात १००, आणि दोन्हींचं वितरण अगदी सारखं आहे. जीजीप्लॉटमध्ये दोन कर्व्ह जवळजवळ एकमेकांवर बसतील. सीबॉर्नमध्ये ब चं क्षेत्रफळ फक्त ०.१, म्हणून त्याचा कर्व्ह अ च्या साधारण एक नवमांश उंचीचा, तळाशी चिकटलेला. तो बघून 'ब गटात ही मूल्यं क्वचितच येतात' असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी वाचले आहेत. निष्कर्ष साफ चुकीचा होता. तो ठेंगणेपणा नोंदींच्या संख्येचा होता, मूल्यांशी त्याचा काही संबंध नव्हता.

दोन्ही आलेख बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. 'गटाच्या आत मूल्यं कुठे एकवटली आहेत?' हा प्रश्न असेल तर प्रत्येकाचं क्षेत्रफळ १ हवं. 'या मूल्यापाशी कुठल्या गटाची माणसं जास्त?' असं विचारायचं असेल तर सामायिक १ हवं. फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो कर्व्ह एकमेकांना छेदतात तिथे. सामायिक मोजणीत छेदबिंदूपाशी दोन्ही गटांच्या नोंदी सारख्याच दाट असतात. स्वतंत्र मोजणीत तिथे फक्त गटांतर्गत प्रमाण सारखं असतं, प्रत्यक्ष संख्या नऊपट वेगळी असू शकते. या बिंदूवरून वर्गीकरणाची सीमा ठरवणार असाल तर आधी हे तपासाच.

गटांची तुलना म्हटलं की बहुतेक वेळा आपल्याला आकारच बघायचा असतो, म्हणून सीबॉर्नमध्ये मी दर वेळी 'कॉमन नॉर्म'ला 'फॉल्स' लिहितो. उलट जीजीप्लॉटमध्ये संख्येचं वजन हवं असेल तर वाय-अक्षाला 'आफ्टर-स्टॅट'मधून (म्हणजे जीजीप्लॉटने स्वतः मोजलेल्या आकड्यांतून) 'काउंट' द्या. 'स्केल्ड' मात्र कृपा करून नको. ते प्रत्येक कर्व्हचं शिखर १ वर आणतं, त्यामुळे क्षेत्रफळाला काही अर्थच उरत नाही आणि पसरट गट उगाच भरीव दिसतो.

बँडविड्थ, म्हणजे प्रत्येक टेकडीची रुंदी, दोन्हीकडे गटागटाने ठरते आणि लहान गटाला जास्त गुळगुळीत केलं जातं, म्हणून वर 'जवळजवळ' म्हटलं. सीबॉर्नचा कर्व्ह डेटाच्या टोकांपलीकडेही जातो. वेळेसारखी राशी शून्याखाली गेलेली दिसली तर त्याचं कारण हेच. 'कट' या सेटिंगला ० दिलं की तो दिसायचा थांबतो.

तीनपेक्षा जास्त गट असतील तर कर्व्हखाली रंग भरू नका, नुसत्या रेषा ठेवा. पारदर्शक रंग एकमेकांत मिसळून सूचीत नसलेला भलताच रंग तयार होतो. आणि वाय-अक्षावर नुसतं 'डेन्सिटी' लिहून सोडू नका. 'गटांतर्गत डेन्सिटी' की 'एकूणातली डेन्सिटी', हे तिथेच लिहा, शेजारी प्रत्येक गटाची नोंदसंख्याही द्या.