चेतादुरुस्ती आणि प्रतिकारपेशी

जखमी चेतापेशीभोवतीचा चुराडा उचलणे, तिचा शाबूत भाग मरू न देणे आणि नव्याने वाढणाऱ्या तंतूला वाट करून देणे, या कामांत शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटा असतो. प्रौढ चेतापेशी विभागून आपली संख्या वाढवत नाही; ती मेली की जागा बहुधा रिकामीच राहते. त्यामुळे येथे ‘दुरुस्ती’चा अर्थ मर्यादित आहे: जिवंत राहिलेल्या पेशीने आपला तुटलेला अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा लांब धागा, पुन्हा वाढवणे, किंवा त्या तंतूवरचे मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन पुन्हा चढणे.

पुण्यात या विषयाची एक बाजू २०२५ च्या जानेवारीत घराघरांत पोचली. सिंहगड रस्त्यालगतच्या धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, वर्तमानपत्रांतल्या ‘जीबीएस’चे, रुग्ण एकापाठोपाठ आढळू लागले. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेवर गेला. राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जंतू सापडला. या जंतूच्या आवरणावरील शर्करा माणसाच्या नसांवरील गँग्लिओसाइड रेणूंसारख्या दिसतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग नसांनाही चिकटतात आणि मागोमाग मॅक्रोफेज या भक्षक प्रतिकारपेशी येऊन मायलिन सोलतात किंवा थेट अक्षतंतूपाशी घुसतात. ‘आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते’ हे वाक्य त्या दिवसांत पाणी उकळण्याच्या सूचनेइतकेच सर्वांच्या तोंडी होते. ते खरे आहे, पण अर्धेच. त्याच जातीच्या पेशी नंतर त्याच नसांमधला मलबा उपसतात, आणि तो उपसला गेल्याखेरीज रुग्णाचे पाय पुन्हा उचलत नाहीत.

हा मलबा तयार कसा होतो, याचा पहिला नीट अभ्यास ऑगस्टस वॉलर या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने केला. १८५० मध्ये त्याने बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापल्या आणि पुढे काय होते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशीच्या मुख्य भागापासून तुटलेला तुकडा टोकापर्यंत विरत जातो. याला वॉलरीय ऱ्हास म्हणतात. मात्र तुटल्या क्षणीच सगळे बंद पडते असे नाही. पलीकडचा तुकडा काही दिवस विजेचा संदेश वाहू शकतो. म्हणूनच अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी केलेली एनसीव्ही चाचणी, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो याची मोजणी, फसवी ठरू शकते. रुग्णाला ही दिरंगाई वाटते, पण नेमके चित्र हवे असेल तर साधारण तीन आठवडे थांबावे लागते.

दरम्यान नसेत मोठी धांदल चालू असते. काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी पोचतात. मायलिनचे वेष्टन धरून बसलेल्या श्वान पेशी (हे नाव थिओडोर श्वान या शास्त्रज्ञावरून) आपले नेहमीचे काम सोडतात, मायलिन तोडायला स्वतःच सुरुवात करतात आणि रक्तातल्या मोनोसाइट पेशींना बोलावणारे रासायनिक संकेत सोडतात. दोन-तीन दिवसांत या मोनोसाइट नसेत उतरून मॅक्रोफेज बनतात. मॅक्रोफेज म्हणजे ‘मोठा भक्षक’. मराठीत महाभक्षी पेशी असाही शब्द आहे, पण दवाखान्यात तो क्वचितच ऐकू येतो. जुन्या मायलिनमध्ये नव्या तंतूची वाढ अडवणारे रेणू असतात, म्हणून ते खाऊन टाकणे ही निव्वळ साफसफाई नसते. जुन्या वाड्याचा राडारोडा उचलल्याशिवाय नव्या इमारतीचा पाया खणता येत नाही, हे पेठांत राहणाऱ्यांना सांगायला नको. उंदरांच्या एका वाणात वॉलरीय ऱ्हास आठवडे-आठवडे लांबतो. वरवर ही चांगली गोष्ट वाटते. प्रत्यक्षात त्या उंदरांत मॅक्रोफेज उशिरा येतात आणि संवेदी तंतूंची नवी वाढही रेंगाळते.

मॅक्रोफेजचे काम खाण्यापुरते नाही. नस पूर्ण तुटून दोन टोकांत फट पडली, तर त्या फटीत प्राणवायू कमी असतो. २०१५ मध्ये उंदीर-घुशींच्या नसांवर झालेल्या संशोधनातून दिसले की, ही कमतरता मॅक्रोफेज ओळखतात आणि रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन सोडतात. नव्या रक्तवाहिन्या फट ओलांडतात, त्यांना धरून श्वान पेशी सरकतात आणि श्वान पेशींच्या मागून अक्षतंतू जातात. हा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण तंतूला वाट दाखवणारी पहिली खूण येथे चेतासंस्थेची नसून रक्ताची आहे. नॅचरल किलर या लिम्फ पेशींची तऱ्हा आणखी वेगळी. अर्धवट चेंगरलेले संवेदी तंतू त्या पुरते तोडून टाकतात. २०१९ मध्ये उंदरांवर हे दाखवले गेले. अर्धमेले तंतू गेल्यावर चांगल्या तंतूंना जागा मिळाली आणि स्पर्शानेही कळ येण्याचा त्रास शमला.

हातापायांच्या नसांत जे जमते ते मेंदू आणि मज्जारज्जूत जमत नाही. तेथे श्वान पेशी नाहीत. मायलिन ऑलिगोडेन्ड्रोसाइट नावाच्या पेशी बनवतात आणि त्या सफाईत हात घालत नाहीत. बाहेरच्या मॅक्रोफेजना आत येणे अवघड असते. मज्जारज्जूतला मायलिनचा मलबा माणसात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे पडून राहतो. तेथील मुक्कामी प्रतिकारपेशी म्हणजे मायक्रोग्लिया. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्यांना हे नाव दिले. त्या मेंदूतच उपजत नाहीत. भ्रूणावस्थेत पीतक कोशातून (भ्रूणाला जोडलेल्या पिशवीतून) येऊन तेथे कायमच्या स्थायिक होतात. जिवंत उंदरांच्या मेंदूचे २००५ मध्ये केलेले चित्रण पाहण्याजोगे होते: स्वस्थ समजल्या जाणाऱ्या या पेशी आपले धागे सतत हलवून आसपासची चाचपणी करत होत्या, आणि लेझरने बारीकशी इजा करताच काही मिनिटांत त्यांनी त्या जागेला वेढा घातला.

मज्जारज्जूच्या दुखापतीत पहिल्या आघाताने मरतात त्यापेक्षा अधिक पेशी पुढच्या दिवसांतल्या विषारी गळतीने आणि दाहाने मरू शकतात. म्हणून दाह म्हणजे शत्रू आणि तो दाबायचा, असा सरळ हिशेब बराच काळ चालला. १९९० नंतर जगभर मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मोठे डोस देण्याची पद्धत रूढ झाली. फायदा संशयास्पद आणि जंतुसंसर्गासारखे धोके स्पष्ट दिसल्यावर ती मागे पडली. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील मिखाल श्वार्ट्झ यांनी उलट बाजूने विचार केला. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने चेतावलेले मॅक्रोफेज घुशींच्या तुटलेल्या मज्जारज्जूत सोडले आणि पायांची काही हालचाल परतल्याचे नोंदवले. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवले की, मायलिनमधील प्रथिन ओळखणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार), ज्यांना तोवर केवळ घातकी मानले जाई, त्या जखमी दृष्टिचेतेतील, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतील, तंतू वाचवतात. आपल्यावरच उलटू शकणारी प्रतिकारशक्ती योग्य मात्रेत रक्षण करते, हा विचार तेव्हा बऱ्याच जणांना पचला नाही. प्राण्यांत जे दिसले ते माणसात उतरले मात्र नाही: मॅक्रोफेज देण्याच्या उपचाराची चाचणी झाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रुग्णांना फायदा दिसला नाही.

तरीही त्या विचाराला पुढे जोड मिळत गेली. नियामक, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या, टी पेशी सीसीएन-३ या प्रथिनाद्वारे मायलिन नव्याने चढण्यास मदत करतात, हे २०१७ मध्ये दिसले. २०२० मध्ये न्यूट्रोफिलच्या कुळातल्या काही अपक्व पेशी उंदराच्या चेंगरलेल्या दृष्टिचेतेत तंतू वाढवतात असे आढळले. त्या वाढीस पोषक घटक स्वतःच स्रवतात. वयाचाही संबंध आहे. म्हाताऱ्या आणि तरुण उंदराचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडला, तर तरुण मोनोसाइट म्हाताऱ्याच्या मज्जारज्जूतला मलबा उपसतात आणि तेथे मायलिन पुन्हा बरे चढते. पाठ्यपुस्तके मॅक्रोफेजचे ‘एम-१’ म्हणजे भडकू आणि ‘एम-२’ म्हणजे सावरणारे असे दोन गट सांगतात. शिकवायला हे सोपे आहे, पण प्रत्यक्ष जखमेत एकाच पेशीवर दोन्हींच्या खुणा सापडतात. ती कोणत्या दिवशी, कोठे आणि कशाच्या शेजारी आहे यावर तिचे वागणे ठरते. जखमेच्या सुरुवातीचा भडका हवाच असतो. तो वेळेवर निवला नाही तर घात होतो.

मज्जारज्जूचे तुटलेले तंतू माणसात पुन्हा जोडून देणारा खात्रीचा उपचार आज नाही. खडकीतील पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये, जेथे कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांचे पुनर्वसन होते, भर असतो तो उरलेल्या स्नायूंवर, चाकाच्या खुर्चीवर आणि स्वावलंबनावर.

जीबीएसमध्ये दिली जाणारी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे, (शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याची प्रक्रिया हल्ला आवरते, नस जोडत नाही. जोडणे शरीरावर सोपवलेले असते. नुसते मायलिन गेले असेल तर आठवड्यांत फरक दिसतो. अक्षतंतूच गेला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे कोपरापासून करंगळीपर्यंत वर्षभर. स्नायू तितका वेळ थांबतोच असे नाही. दीड वर्षाच्या आसपास नस पोचली नाही तर तो तिला स्वीकारण्याची शक्यता फार कमी उरते. कापलेली नस शिवल्यावर सर्जन तपासणीत तिच्यावर बोटाने हलकी टिचकी मारतात. जेथे मुंग्या उठतात तेथवर नवे तंतू आले असे समजायचे. ती जागा महिन्याला सुमारे तीन सेंटीमीटर पुढे सरकायला हवी. ती पट्टीने मोजून केसपेपरवर लिहून ठेवतात.