लुमेन आणि पीएआर: छोट्या प्रवाळ-टाकीसाठी परवडणारा दिवा

बडोद्यात गोड्या पाण्यातील वनस्पतींची टाकी (ॲक्वेरियम) उत्तम सांभाळणारे अनेकजण जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्यातील टाकीकडे वळतात, तेव्हा दिव्याबाबत त्यांच्याकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो: ‘अमुक इतक्या लुमेनचा दिवा प्रवाळाला पुरेल ना?’ या प्रश्नाचे उत्तर लुमेनच्या आकड्यावरून देताच येत नाही. तरीही खोक्यावर तोच आकडा ठळक छापलेला असतो, दुकानदार तोच वाचून दाखवतात आणि घेणाराही त्याच्याच भरवशावर पैसे मोजतो. हे थांबावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लुमेन आपल्याला घरातल्या बल्बमुळे परिचित आहे. माणसाच्या डोळ्याला किती उजेड जाणवेल, याचे ते माप आहे आणि एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन म्हणजे लक्स. वनस्पतींच्या टाकीसाठी ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचे माप) दोन पांढऱ्या दिव्यांची तुलना करताना हे माप चालून जाते, कारण दोन्ही दिव्यांचा वर्णपट जवळपास सारखाच असतो.

पीएआर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश (photosynthetically active radiation), या मापात डोळ्याला स्थानच नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडतो, आणि त्या पट्ट्यातले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पोहोचतात, हे त्यात मायक्रोमोल या प्रकाशकणांच्या संख्येच्या एककात मोजले जाते. भर दुपारच्या निरभ्र उन्हात हा आकडा सुमारे २००० असतो.

गोंधळाचे मूळ निळ्या रंगात आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, त्यामुळे त्या प्रकाशाचा एक वॅट म्हणजे ६८३ लुमेन होतात, पण ४५० नॅनोमीटरच्या रॉयल ब्लू प्रकाशाचा तोच एक वॅट जेमतेम २६ लुमेन भरतो. प्रकाशकण मोजले तर मात्र हिरव्या वॅटमध्ये दर सेकंदाला सुमारे ४.६ मायक्रोमोल आणि निळ्यात सुमारे ३.८ मायक्रोमोल असतात, म्हणजे फरक अगदी थोडा. व्यवहारात याचा अर्थ असा की पांढऱ्या एलईडीखाली १०० मायक्रोमोल मिळत असतील तेथे लक्समीटर सुमारे सात हजार दाखवेल, आणि निव्वळ रॉयल ब्लू दिव्याखाली तितकेच १०० मायक्रोमोल मिळत असताना तोच मीटर हजारभर किंवा त्याहूनही कमी लक्स दाखवेल. मोबाइलमधली लक्स मोजणारी ॲप्स याच कारणाने निळ्या दिव्याखाली निरुपयोगी ठरतात, आणि त्यांचे आकडे पुढे करून दिव्याची शिफारस करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

प्रवाळाला मात्र नेमका निळाच प्रकाश हवा असतो. त्याच्या पेशींत राहणारी झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवतात. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, त्यामुळे खाली उरलेल्या निळ्या-हिरव्या प्रकाशावर जगण्याजोगी रंगद्रव्ये या शैवालांकडे असतात. अशा स्थितीत लुमेन पाहून दिवा निवडणारा माणूस दोनपैकी एका बाजूला चुकतो. एक तर तो लख्ख पांढरा दिवा आणतो, ज्याच्या ऊर्जेचा मोठा भाग प्रवाळाला फारसा उपयोगी न पडणाऱ्या रंगांत खर्च होतो. नाही तर तो योग्य निळा दिवा आणतो, पण टाकी अंधारी दिसते म्हणून उजेड कमी-जास्त करणारा डिमर शंभर टक्क्यांवर नेतो. दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण डोळ्याला मंद भासणाऱ्या त्या उजेडात प्रवाळावर प्रचंड मारा होत असतो आणि तो आपली शैवाले बाहेर टाकून पांढरा पडतो. मग दोष पाण्याला किंवा मिठाला दिला जातो.

किती पीएआर हवा, हे प्रवाळाच्या जातीवर ठरते. मश्रूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० मायक्रोमोल पुरतात, तर फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागतात. आपल्याकडे कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि कच्छच्या आखातातून किंवा अन्य कोठून काढलेला तुकडा कोणी देऊ केला तर तो घेऊ नये, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मऊ प्रवाळांवर थांबायचे ठरवले की खर्चही आपोआप आटोक्यात येतो, कारण फूट-सव्वा फूट खोलीच्या टाकीत १०० मायक्रोमोल मिळवण्यासाठी महागड्या दिव्याची गरज नसते. रॉयल ब्लूचा भरणा जास्त, थोडे पांढरे, आणि निळ्या-पांढऱ्यासाठी वेगवेगळे डिमर, एवढे असले तर साधा दिवाही पुरतो. दोन्हींसाठी एकच बटण असलेला दिवा स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही.

वॅट आणि केल्विन यांवर फार वेळ घालवू नये. ‘१६५ वॅट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काळ्या पेटीच्या दिव्यांत तीन-तीन वॅटचे ५५ एलईडी मोजून तो आकडा केलेला असतो, प्रत्यक्षात वीज बरीच कमी लागते. छोट्या टाकीवर असा दिवा उंच टांगून अगदी कमी टक्क्यांवर चालवावा लागतो. केल्विन पांढऱ्या दिव्याची छटा सांगतो, निळ्याच्या भरण्याबद्दल मात्र तो फारसे काही सांगत नाही.

पीएआरचा आकडाही डोळे मिटून स्वीकारू नये. ४०० ते ७०० मधला प्रत्येक प्रकाशकण हे माप सारखाच धरते, त्यामुळे रोपांसाठीच्या गुलाबी दिव्याचा पीएआर उत्तम दिसतो, पण त्यातला बराचसा भाग तांबडा असल्याने प्रवाळाच्या टाकीवर त्याचे काम नाही. शिवाय विक्रेता देतो तो आकडा बहुधा दिव्याच्या बरोबर खाली, मध्यभागी मोजलेला असतो. कोपऱ्यात तो निम्म्याहूनही कमी भरू शकतो.

खरा पीएआर मीटर महाग असतो, म्हणून गावातल्या चार-पाच हौशी मंडळींनी मिळून एकच घ्यावा, आणि पाण्यात बुडणारा व निळा प्रकाश नीट मोजणारा घ्यावा, कारण जुन्या पद्धतीचे संवेदक निळा कमी दाखवतात. मीटर मिळेपर्यंत निळा वीस-तीस टक्क्यांवर ठेवावा, रोज आठ-नऊ तास दिवा चालवावा आणि निळ्याचे टक्के दर आठवड्याला थोडेसेच वाढवावेत. झोअँथिडचे देठ लांब होऊन वर ताणू लागले तर प्रकाश कमी पडतो आहे. मश्रूम आक्रसून फिकट होऊ लागले, तर टाकी कितीही अंधारी दिसत असली तरी डिमर त्याच दिवशी खाली आणावा.