‘हॉट’ चहा आणि ‘हॉट’ मिरची

गरम चहाला इंग्रजीत ‘हॉट’ म्हणतात आणि गोव्यातल्या हरमल गावच्या मिरचीलाही ‘हॉट’च. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरचीच्या राशीपुढे उभा राहून पाहुणा ‘इज इट हॉट?’ विचारतो, तेव्हा विकणारीला त्याचं म्हणणं बरोबर कळतं. वर्गात मात्र हाच शब्द आला की आपण मुलांना सांगतो, एका शब्दाचे अनेक अर्थ असतात, पाठ करा. मला हे पटत नाही. या अर्थांमागे कारणं असतात, आणि ‘हॉट’चं कारण तर थेट आपल्या जिभेवर सापडलं आहे.

१९९७ साली डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंच्या टोकांवरचं टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन शोधून काढलं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते दारासारखं उघडतं, कॅल्शियम-सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत शिरतात आणि ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूकडे जातो. मिरचीतलं कॅप्सायसिन याच प्रथिनाला चिकटतं आणि काही तापलेलं नसतानाही ते उघडतं. म्हणजे तिखट ही आंबट-खारटासारखी चव नव्हेच, ती भाजल्याची जाणीव आहे. म्हणून तर घाम फुटतो. मिरचीची भजी खाऊन लगेच वाफाळता चहा प्या. एरवी सहज घशाखाली जाणारा तोच चहा चटका देतो, कारण कॅप्सायसिनमुळे हे दार कमी तापमानालाही उघडू लागतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची आणली, त्याआधी आपल्याकडे तिखटपणाचं काम मिरी करायची. तिच्यातलं पायपेरीनही हेच दार उघडतं. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत. पुदिन्याला ‘कूल’ का म्हणतात, त्याचंही उत्तर असंच आहे: गारवा ओळखणारं टीआरपीएम८ हे प्रथिन मेंथॉलनेही जागं होतं.

सगळ्याच शब्दांना असं हुकमी प्रथिन सापडत नाही. तरीही त्यांचे अर्थ वाटेल तसे भरकटत नाहीत. भाषेचे अभ्यासक जोसेफ विल्यम्स यांनी १९७६ साली इंग्रजी विशेषणांचा शेकडो वर्षांचा प्रवास तपासला, तेव्हा त्यांना एक दिशा दिसली. स्पर्शाचे शब्द चवीकडे, रंगाकडे, आवाजाकडे जातात. चवीचे शब्द वासाकडे आणि आवाजाकडे. उलट प्रवास क्वचितच होतो. ‘शार्प’ आधी धारेचा, मग चवीचा आणि आवाजाचा. आपला ‘तिखट’सुद्धा याच वाटेने आला: मूळ ‘तीक्ष्ण’, म्हणजे धारदार. आणि एखादा ‘तिखट कानाचा’ असतो, तेव्हा तोच शब्द ऐकण्यापर्यंत पोचलेला असतो. इंग्रजीशी काही देणंघेणं नसताना मराठीने तीच वाट धरावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

भाषेचेच आणखी एक अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ सालीच दाखवलं होतं की जो शब्द जास्त वापरात, त्याचे अर्थही जास्त. नेमका कुठला अर्थ घ्यायचा हे बहुतेक वेळा पुढचं नाम ठरवतं. ‘ड्राय डे’ला दारूची दुकानं बंद, ‘ड्राय कफ’ म्हणजे कोरडा खोकला, आणि ‘ड्राय वाईन’ म्हणजे जिच्यात गोडवा उरलेला नाही अशी वाईन. यातला शेवटचा अर्थ पाण्याच्या अभावावरून लागत नाही, तो वेगळा सांगावाच लागतो.

गोव्यात चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं मूल पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमात जातं आणि तिथे हे शब्द त्याच्यावर एकदम कोसळतात. सॉलोमन ॲश आणि हॅरियट नेरलोव्ह या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९६० साली मुलांना ‘स्वीट’, ‘कोल्ड’, ‘हार्ड’ असे शब्द माणसाला लावता येतात का, असं विचारून पाहिलं होतं. वस्तूचा अर्थ मुलांना आधी येतो, स्वभावाचा नंतर, आणि दोहोंतला दुवा सांगणं त्याहूनही उशिरा जमतं. इंग्रजी ज्यांची मायबोली, त्यांचीच ही गत. मग आपल्या पोरांसमोर पाच अर्थांची यादी एका दमात का ठेवायची? ‘शार्प’ शिकवताना आधी आदोळीची, म्हणजे विळीची, धार दाखवा. माडाच्या विनेगरचा थेंब जिभेवर ठेवून झोंबू द्या. मग कर्कश शिट्टी, चोर्ला घाटातलं वळण, आणि हुशार मुलगी सर्वांत शेवटी.